कामं कोणाला मिळतात ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्यांत जवळपास निम्म्या मुली असतात, पण विभागप्रमुखांच्या बैठकीत बायका दिसतात त्या मोजक्या दोन-तीन. महिलांसाठी नेतृत्व प्रशिक्षणाच्या दोन तुकड्या झाल्या, अभिप्राय उत्तम आले, चित्र मात्र जैसे थे. पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर आहे. तिसरी तुकडी काढावी, बाहेरून काही ज्येष्ठ महिला आणाव्यात, की आणखी काही करावं?

माझं मत आधीच सांगून टाकते. तिसरी तुकडी तूर्त काढू नका. अशा प्रशिक्षणात गैर काही नाही, पण त्याच्या मुळाशी एक गृहीत असतं की उणीव बायकांमध्ये आहे. त्यांना आत्मविश्वास कमी, वाटाघाटी जमत नाहीत, स्वतःचं काम पुढे मांडता येत नाही, वगैरे. एखाद्या बाईबाबत हे खरं असेलही. एखाद्या पुरुषाबाबतही असतं, पण त्याला कुणी वर्गात बसवत नाही. त्याच्या गळ्यात एखादं अवघड काम घालतात, तो धडपडतो, दोन-चारदा आपटतो, सावरतो, आणि मग लोक म्हणतात, 'तयार झाला आता.' मी आधी उत्पादनात आणि नंतर एचआरमध्ये अशी दोन्हीकडे नोकरी केली. माणसं वर जाताना मी पाहिली ती अशीच, कामाच्या जोरावर. म्हणून कुठल्याही कंपनीत मी पहिल्यांदा बघते ते हेच, की माणूस घडवणारी कामं तिथे कुणाच्या वाट्याला जातात.

त्याआधी गळती नेमकी कुठे होते ते पाहून घ्या. चर्चा नेहमी सगळ्यात वरच्या खुर्च्यांची होते, गळती बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर असते. लीन इन ही महिलांसाठी काम करणारी संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी 2015 पासून दरवर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांची पाहणी करतात. त्यांच्या 2024 च्या अहवालात पहिल्या मॅनेजरपदावर बढती मिळालेल्या दर 100 पुरुषांमागे स्त्रिया होत्या 81. ऐकायला हा आकडा फार वाईट वाटत नाही. पण कागद घेऊन बसा. समजा सुरुवात निम्म्या-निम्म्याने झाली आणि हीच तफावत पुढच्या प्रत्येक पायरीवर राहिली. तर दुसऱ्या पायरीवर 100 पुरुषांमागे 66 स्त्रिया उरतात, तिसरीवर 53, चौथीवर 43. म्हणजे चौथ्या पायरीवर त्यांचा वाटा 30 टक्क्यांवर येतो, आणि एवढ्या सगळ्या प्रवासात कुणी कुणाला मुद्दाम अडवलेलं नसतं. म्हणूनच 'आमच्याकडे भेदभाव नाही' असं म्हणणारा माणूस मनापासून बोलत असतो आणि तरीही आकडा घसरत असतो.

तुमच्याकडे कुठली पायरी निसटते आहे ते तुमच्याच नोंदींतून काढा. प्रत्येक पदावर मागच्या तीन वर्षांत किती जण बढतीला पात्र होते, किती जणांचं नाव प्रत्यक्ष चर्चेला आलं, किती जणांना बढती मिळाली आणि किती जणांनी नोकरी सोडली. सगळे आकडे स्त्री-पुरुष वेगळे काढा. पात्र असून चर्चेतच न आलेल्यांचा रकाना सगळ्यात बोलका असतो. सोडून गेलेल्यांचाही नीट बघा. 'संसाराला लागली, दुसरं काय' म्हणून फाइल बंद केलेली बाई चौकशी केल्यावर दुसऱ्या कंपनीत वरच्या पदावर काम करताना सापडते, असं मी बरेचदा पाहिलं आहे.

आता कामांच्या वाटपाकडे येते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

एक विभाग निवडा आणि मागच्या वर्षभरातली सगळी मोठी-छोटी जबाबदारीची कामं एका तक्त्यात मांडा. काम काय, कुणाला दिलं, कुणी दिलं आणि कसं ठरलं, एवढे चार रकाने पुरेत. मग प्रत्येक कामापुढे खूण करा की या कामाने माणूस वर जातो का. माझी कसोटी साधी आहे. बढतीच्या बैठकीत कुणी या कामाचा दाखला दिला असता का? नवा ग्राहक मिळवणं, बुडीत चाललेला प्रकल्प सावरणं, नवं केंद्र उभं करणं, पुरवठादाराशी दराची बोलणी करणं, संचालकांपुढे आकडे मांडणं, यांचा दाखला दिला जातो. मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, वार्षिक कार्यक्रमाची धावपळ, नव्या पोरांना रुळवणं, ऑडिटसाठी कागद गोळा करणं, दुसऱ्याच्या सादरीकरणाच्या स्लाइड्स नीटनेटक्या करणं, रुसलेल्या सहकाऱ्याची समजूत काढणं, यांचा दिला जात नाही. ही दुसरी यादी फालतू अजिबात नाही. ती कामं कुणी केली नाहीत तर विभाग आठवड्यात कोलमडेल. फक्त त्या कामांवर कुणाला बढती मिळत नाही.

असाच एक तक्ता भरताना विभागप्रमुख माझ्या समोर बसले होते. माणूस सरळ, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. 'कसं ठरलं' या रकान्याशी आम्ही अडलो. एका मोठ्या कामापुढे ते म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? तो केबिनमध्ये आला होता, विषय निघाला, देऊन टाकलं." दुसऱ्या कामापुढे मी एका बाईंचं नाव घेतलं, तर म्हणाले, "त्यांच्यावर कशाला आणखी ओझं? आधीच केवढं आहे त्यांच्याकडे." केवढं म्हणजे काय ते पाहू म्हणून त्यांच्या नावावरची कामं खाली उतरवली. एक सोडून सगळी दुसऱ्या यादीतली निघाली. त्या बाईंवाचून विभागात पान हलत नव्हतं आणि नेमकं म्हणूनच त्यांना तिथून हलवायला कुणी तयार नव्हतं. तक्ता पूर्ण झाल्यावर मी काहीच बोलले नाही. त्यांनीच तो दोनदा वरून खाली वाचला आणि विचारलं, "हे आमच्याच विभागात आहे, की सगळीकडे असंच निघतं?"

सगळीकडे असंच निघतं. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लीझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चौघींनी 2017 मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिघांच्या गटात ठरावीक वेळात कुणीतरी एकाने एक बटण दाबायचं. दाबलं तर सगळ्यांचा फायदा, पण दाबणाऱ्याचा सगळ्यात कमी. स्त्री-पुरुष मिसळून असलेल्या गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे 48 टक्के अधिक वेळा पुढे आल्या. मग गटाबाहेरच्या एका व्यक्तीला मॅनेजर नेमलं आणि कुणाला तरी विनंती करायला सांगितलं. तेव्हा स्त्रियांना 44 टक्के जास्त वेळा विचारलं गेलं. विनंती करणारी व्यक्ती बाई असली तरी फरक पडला नाही. विचारल्यावर 76 टक्के वेळा स्त्रिया हो म्हणाल्या, पुरुष 51 टक्के वेळा. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. फक्त स्त्रियांचे आणि फक्त पुरुषांचे गट केले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे बायकांना अशी कामं आवडतात असं काही नाही. समोर बाई असली की ती करेल, अशी सगळ्यांची अपेक्षा असते आणि तिला स्वतःलाही ती अपेक्षा ठाऊक असते.

म्हणून 'नाही म्हणायला शिका' हा प्रशिक्षणातला लाडका सल्ला मला पटत नाही. पुरुष नाही म्हणाला तर तो कामात आहे असं समजतात. बाई नाही म्हणाली की ती सहकार्य करत नाही अशी नोंद होते. हा गुंता सोडवायचा तर काम वाटणाऱ्यानेच सोडवला पाहिजे. दुसऱ्या यादीतल्या कामांना पाळी लावा. मिनिट्स या महिन्यात याचे, पुढच्या महिन्यात त्याचे. 'कोण करतंय?' असं भर बैठकीत विचारूच नका, कारण त्या प्रश्नानंतरच्या अवघडलेल्या क्षणात कोण हात वर करतं ते सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या यादीतल्या कामांसाठी मी विभागप्रमुखांना एकच अट घालते. काम देण्याआधी मनात आलेल्या नावाशिवाय आणखी दोन नावं लिहायची आणि ती का नकोत ते एका ओळीत लिहायचं. नाव बदलायची सक्ती नाही. पण ती ओळ लिहिताना बरेच जण थबकतात, कारण लिहायला सबळ कारण सापडत नाही.

दुसरी मोठी जागा म्हणजे बढतीची बैठक. इथे मी बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे तिथली भाषा पाठ झाली आहे.

"काम छानच आहे तिचं. पण अजून एखादं वर्ष थांबू या."
"कशासाठी?"
"जरा मोठ्या लोकांसमोर उभं राहायची सवय व्हायला हवी."
"मागच्या वर्षी संचालकांपुढचं सादरीकरण कुणी तयार केलं होतं?"
"तिनेच. मांडलं मात्र मी."

त्याच बैठकीत दहा मिनिटांनी एका मुलाबद्दल चर्चा होते. "अनुभव कमी आहे, मान्य. पण दम आहे पोरात. टाकू खोल पाण्यात, शिकेल." दोघांना दोन वेगळ्या मापांनी मोजलं गेलं आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तिला तिने केलेल्या कामावरून तोललं, त्याला तो पुढे काय करील यावरून.

याचा आकड्यांतला पुरावाही आहे. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या सुमारे 30,000 कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. तिथे प्रत्येकाला दोन रेटिंग मिळत, एक झालेल्या कामाचं आणि एक 'पोटेन्शियल'चं, म्हणजे पुढे जाण्याच्या क्षमतेचं. कामाच्या रेटिंगमध्ये स्त्रिया सरासरीने पुरुषांच्या पुढे होत्या, पोटेन्शियलच्या रेटिंगमध्ये मागे. बढतीतल्या तफावतीचा मोठा हिस्सा या दुसऱ्या रेटिंगमुळे होता. बरं, मॅनेजरांचा अंदाज बरोबर होता म्हणावं तर तसंही नाही. पोटेन्शियलचं सारखंच रेटिंग मिळालेल्या स्त्री-पुरुषांत पुढच्या वर्षी स्त्रियांचं काम सरस निघालं, आणि तरीही त्यानंतरच्या खेपेला त्यांचं पोटेन्शियल पुन्हा कमीच धरलं गेलं.

स्वभावाबद्दलच्या शेऱ्यांचंही तेच. प्राइस वॉटरहाउस विरुद्ध हॉपकिन्स हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला 1989 चा खटला बढती समितीतल्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावा. प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये अ‍ॅन हॉपकिन्स यांचं नाव 1982 मध्ये भागीदारपदासाठी सुचवलं गेलं. त्या वर्षीच्या 88 नावांत त्या एकट्याच बाई. फर्मचे तेव्हा 662 भागीदार होते, त्यात 7 स्त्रिया. परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम फर्मला मिळालं त्यात हॉपकिन्स यांचा मोठा वाटा होता. पण भागीदारांच्या लेखी अभिप्रायांत एकाने त्या पुरुषी वाटतात असं लिहिलं, एकाने त्यांनी बोलण्या-वागण्याचे शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गाला जावं असं सुचवलं. निर्णय लांबणीवर टाकल्यावर त्यांना सल्ला मिळाला तो असा की जरा बायकी चाला, बायकी बोला, मेकअप करा, दागिने घाला. हाताखालच्या लोकांशी त्या फार कडक वागतात हेही नोंदींत होतं आणि त्यांचं समर्थन करणाऱ्यांनीही ते मान्य केलं होतं. अशा तक्रारीचा विचार व्हायलाच हवा. पण कडकपणाची तक्रार आणि 'बाईला शोभत नाही' ही तक्रार या दोन गोष्टी समितीने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि बैठकीत त्या हमखास एकमेकींत मिसळतात.

माझ्या बैठकांत मी काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. निकष आधी लिहायचे, नावं नंतर काढायची. उलटं केलं तर आवडत्या माणसाला साजेसे निकष आपोआप सुचतात. पोटेन्शियल असा रकानाच ठेवायचा नाही. त्याऐवजी विचारायचं की या व्यक्तीने नवं, अपरिचित काम कधी अंगावर घेतलं, त्यात काय झालं, आणि घेतलं नसेल तर तशी संधी तिला मिळाली होती का. 'आक्रमक', 'मवाळ', 'वजन पडत नाही' असे शेरे आले की शेरा मारणाऱ्याने प्रसंग सांगायचा. प्रसंग नसेल तर शेरा बाद. आणि 'तिला बदली नाही जमणार, मूल लहान आहे' असं कुणी म्हणालं की माझा प्रश्न ठरलेला: तिला विचारलंत का? हे वाक्य नेहमी काळजीपोटी उच्चारलेलं असतं, म्हणून ते जास्त घातक. ती नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय झाला. न विचारता आपण नाही धरलं तर तो आपला निर्णय, आणि त्याचा तिला पत्ताही लागत नाही.

आणखी एक छोटा पण परिणामकारक बदल आहे. बढतीसाठी अर्ज मागवत असाल तर ती पद्धत उलटी करा. जो पात्र आहे त्याचं नाव आपोआप विचारात घ्यायचं आणि ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं. जॉयस ही, सोनिया कांग आणि निकोला लासेतेरा यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्पर्धेत उतरण्याबाबत स्त्री-पुरुषांत दिसणारं अंतर एवढ्या एका बदलाने कमी झालं. याला खर्च शून्य.

आता पदं कुठली, हा मुद्दा. बऱ्याच कंपन्या अभिमानाने सांगतात की आमच्या वरिष्ठ पातळीवर 30 टक्के महिला आहेत. यादी मागवली की एचआर, कायदा, जनसंपर्क, अनुपालन (नियम पाळले जातात की नाही ते पाहणारं खातं). ही खाती हलकी नाहीत, मी स्वतः त्यातल्याच एकातली आहे. पण कंपनीचा प्रमुख निवडताना संचालक मंडळ बघतं ते विक्री, उत्पादन, एखाद्या व्यवसायाच्या नफ्या-तोट्याची संपूर्ण जबाबदारी. ती कधीच न सांभाळलेल्या बाईला अगदी वर, शेवटच्या पायरीवर अडवलं जातं आणि तेव्हा ते रास्तही वाटतं. खरी चूक वीस वर्षांपूर्वी, तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या नेमणुकीत झालेली असते. मेरी बारा 2014 च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्या मागे डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या जुळणी कारखान्याचं व्यवस्थापन होतं, एचआरचं जागतिक प्रमुखपद होतं आणि नंतर उत्पादन विकासाची धुरा. क्रम लक्षात घ्या. एचआर मधे येऊन गेलं, आधी आणि नंतर मूळ धंदाच होता. तुमच्याकडच्या हुशार मुलींची पहिल्या सात-आठ वर्षांतली एक तरी नेमणूक अशी व्हायला हवी की महिनाअखेरीचा आकडा त्यांच्या नावावर लागेल. त्यात त्या कधी आपटतीलही. आपटल्यावर दुसरी संधी मुलांना जितक्या सहज मिळते तितक्या सहज मिळते का, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

बजेटमधले पैसे मी इथे खर्च करीन. कर्तबगार मॅनेजर बाईला तिच्या जागेवरून हलवायला तिचा बॉस तयार नसतो, कारण मागे पोकळी राहते. तिच्या जागी सहा महिने जादा माणूस देता आला तर अर्धा विरोध मावळतो. हा खर्च कुठल्याही प्रशिक्षण कार्यक्रमाच्या मथळ्याखाली बसत नाही, म्हणून तो कुणाला सुचत नाही.

मेंटॉर नेमण्याबद्दल थोडं. मेंटॉर सल्ला देतो, त्यात त्याच्या पदरचं काही जात नाही. पाठीराखा स्वतःची पत पणाला लावतो, 'हिला द्या, मी जबाबदार' असं म्हणतो. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नेमका हाच फरक दाखवला होता की स्त्रियांना मेंटॉर भरपूर मिळतात, पण पाठीराखे कमी. अर्सुला बर्न्स झेरॉक्समध्ये 1980 मध्ये उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या आणि 2009 मध्ये प्रमुख झाल्या. मधला कलाटणीचा टप्पा म्हणजे वेलँड हिक्स या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना आपल्या कार्यकारी सहायक म्हणून घेतलं, आणि नंतर कंपनीचे प्रमुख पॉल अलेअर यांनीही तेच केलं. मोठे निर्णय कसे होतात, कोण कुणाचं ऐकतं, आकड्यांवर भांडण कसं होतं, हे त्यांनी तिथे बसून पाहिलं. त्यानंतर उत्पादनाची जबाबदारी आली.

पाठीराखेपण हुकमाने येत नाही हे खरं. पण त्याला आकार देता येतो. प्रत्येक वरिष्ठाने आपल्या विभागाबाहेरच्या, आपल्यापेक्षा दोन पायऱ्या खालच्या दोन व्यक्ती निवडायच्या, त्यात किमान एक स्त्री, आणि वर्षभरात त्यांना कुठलं ठोस काम मिळवून देणार ते लिहून द्यायचं. 'मार्गदर्शन करीन' असं लिहिलेलं चालत नाही. कामाचं नाव हवं. काही पुरुष वरिष्ठ बायकांशी एकट्याने बोलायला बिचकतात, लोक काय म्हणतील म्हणून. त्यावर उपाय एवढाच की सगळ्यांशी एकाच पद्धतीने वागायचं. मुलांना रात्रीच्या गप्पांचा वेळ आणि मुलींना दुपारची पंधरा मिनिटं, असं करायचं नाही. दोघांनाही दुपार द्या.

मूल, घर, वेळ हा विषय टाळून चालणार नाही, पण तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाने धरला जातो. सवलती फक्त बायकांना दिल्या की त्या घेणारी बाई शर्यतीतून आपसूक बाहेर पडते. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की कधीही, कितीही वेळ हजर राहणाऱ्याला काही नोकऱ्या प्रमाणाबाहेर जास्त मोबदला देतात आणि तफावत तिथून वाढते. त्यांनी दिलेलं अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. पूर्वी दुकान मालकाचंच असे, तो नसला की काम अडे. पुढे साखळी दुकानं आली, रुग्णाच्या नोंदी संगणकावर गेल्या, एक फार्मासिस्ट दुसऱ्याचं काम बिनबोभाट पुढे नेऊ लागला, आणि तो व्यवसाय स्त्री-पुरुष मिळकतीत सर्वांत कमी अंतर असलेल्या व्यवसायांपैकी एक झाला. तुमच्याकडचं कुठलं पद असा एकखांबी तंबू आहे ते शोधा. मोठ्या ग्राहकाला दोन माणसांची नावं द्या, हाताखाली खरा अधिकार असलेला उपप्रमुख ठेवा, कामाच्या नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा ठेवा. यात कंपनीचाही स्वार्थ आहे, कारण एकखांबी पदावरचा पुरुषही एक दिवस राजीनामा देतोच. बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाईबाबत मात्र एक नियम नियमावलीतच घाला. रजेवर जाताना तिच्याकडे जी कामं होती, त्याच वजनाची कामं परतल्यावर तीन महिन्यांत तिच्याकडे असली पाहिजेत. आधीचे ग्राहक 'तात्पुरते' दुसऱ्याकडे जातात आणि कधीच परत येत नाहीत, ही गळतीची सगळ्यात ठरीव तऱ्हा आहे.

बाहेरून ज्येष्ठ महिला आणण्याबद्दल विचारलंत. जरूर आणा, पण त्याने आतली वाट दुरुस्त होईल अशी आशा ठेवू नका. नॉर्वेने 2003 मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्री-पुरुष दोघांचाही किमान 40 टक्के वाटा ठरवला आणि 2008 पर्यंत तो अमलातही आणला. मंडळांचा चेहरा बदलला, नव्या महिला संचालक पात्रतेत कुठे कमी नव्हत्या. पण मरियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच कंपन्यांतल्या खालच्या स्तरांवरच्या स्त्रियांना त्याचा फारसा लाभ झालेला दिसला नाही. कोट्याच्या मी विरोधात नाही. दार उघडायला तो उपयोगी पडतो. पण वरून पाणी आपोआप झिरपत नाही. बाहेरून आणायच्याच असतील तर मधल्या फळीतही आणा, आणि एकीला एकटीलाच बुडत्या विभागावर नेमू नका. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी 2005 मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या नोंदींवरून दाखवलं होतं की कंपनीची घसरण चालू असताना संचालक मंडळावर स्त्रियांची वर्णी लागण्याची शक्यता वाढते. 2001 मध्ये झेरॉक्स दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना अ‍ॅन मल्काही प्रमुख झाल्या. त्यांनी कंपनी वाचवली म्हणून आज ती कौतुकाची गोष्ट आहे. बुडाली असती तर खापर कुणावर फुटलं असतं ते सांगायला नको.

हे सगळं सुरू केलंत की कुणीतरी विचारणारच, "मग आमच्या पोरांनी काय पाप केलंय?" या प्रश्नाला टाळाटाळ करू नका. तक्ता दाखवा. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन न बसणारे, गप्प काम करणारे पुरुषही त्याच तक्त्यात मागे पडलेले दिसतात आणि पाळी लावल्यावर त्यांचंही भलं होतं. उलट बाजूने एखादी कर्तबगार बाईच म्हणेल, "मला बाई म्हणून काही नको." तिचं बरोबर आहे. तिला बाई म्हणून काही देऊच नका, फक्त तिच्या नावापुढचे रकाने भरून दाखवा.

तक्ता कुणी ठेवायचा यावर बहुतेक कंपन्या घसरतात. तो एचआरकडे दिला की एचआरचा उपक्रम होतो आणि बाकीचे सुटतात. अलेक्झांड्रा कालेव, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी 2006 मध्ये 708 आस्थापनांच्या अभ्यासातून हेच दाखवलं. नुसत्या प्रशिक्षणाने फार थोडं हललं, जिथे कुणावर तरी नेमकी जबाबदारी टाकली होती तिथे जास्त हललं. तेव्हा प्रत्येक विभागप्रमुखाने आपला तक्ता स्वतः मांडावा, विक्रीच्या आणि खर्चाच्या आकड्यांच्याच बैठकीत, त्याच वरिष्ठांसमोर, दर तिमाहीला. पहिल्या सहा महिन्यांत पदांचे आकडे बघू नका, ते इतक्यात हलणार नाहीत. कामांचे बघा. पहिल्या यादीतल्या कामांत स्त्रियांचा वाटा त्या विभागातल्या त्यांच्या संख्येइतका झाला का, एवढंच विचारा. तो होत असेल तर दोन-तीन वर्षांनी बढतीच्या बैठकीत नावं यायला लागतात. होत नसेल, तर कुठल्या विभागप्रमुखाशी बोलायचं ते 'कुणी दिलं' या रकान्यात लिहिलेलं असतं.